स्टँड आधी, कॅमेरा नंतर

येवला, मनमाड, कोपरगाव या भागातल्या ज्या घरात किंवा बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर भात्याचा लाकडी कॅमेरा धूळ खात पडला आहे, त्या मंडळींना एक विनंती. कॅमेरा ठेवा किंवा विका, तो तुमचा प्रश्न. पण त्याच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला तीन पायांचा लाकडी स्टँड घाईने कुणाला देऊन टाकू नका. शोभेच्या जुन्या वस्तू विकणाऱ्यांची नजर हल्ली कॅमेऱ्याआधी स्टँडवर जाते. वर बल्ब आणि कापडी टोपी बसवली की त्याचा दिवाणखान्यात उभा करायचा दिवा होतो आणि चांगल्या किमतीला खपतो. दिव्याला बांबूचा आधारही चालला असता.

दुसरी विनंती नव्या हौशींना. फिल्मकडे पुन्हा वळलेली बरीच तरुण मुलं आता चार बाय पाच इंची फील्ड कॅमेरा घेऊ लागली आहेत. कुणी परदेशी बनावटीचा हलका कॅमेरा मागवतं, तर कुणाला केरळातल्या अलप्पुळाला बनलेला जुना वागीश्वरी कुठेतरी सापडतो. इथवर सगळं ठीक असतं. मग पैसे संपतात, आणि लग्नाच्या शूटिंगला वापरायचा नाहीतर मोबाइलला लावायचा पोकळ नळ्यांचा ट्रायपॉड त्या कॅमेऱ्याच्या नशिबी येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की खर्चाचा हिशोब उलट्या टोकाने मांडा. आधी पाय, मग हेड, म्हणजे पायांच्या माथ्यावर बसून कॅमेरा धरणारा भाग, आणि उरलेल्या पैशांत कॅमेरा. साधा कॅमेरा भक्कम स्टँडवर चांगलं काम देतो. उलट जोडी जमवलीत तर फिल्मचा एकेक पत्रा वाया घालवत बसाल, आणि आजच्या भावात ते परवडणारं नाही.

ज्यांनी हा कॅमेरा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागे दुधी काच, पुढे भिंग, मधे भाता. डोक्यावर काळं कापड घेऊन काचेवर उलटं दिसणारं चित्र बघायचं, जुळवायचं, भिंग बंद करायचं, मग काचेच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवायचा, फिल्म झाकणारी डार्क स्लाइड ओढायची आणि मग एक्स्पोजर द्यायचं. फिल्म चार बाय पाच, पाच बाय सात किंवा आठ बाय दहा इंचांची. आपल्या जुन्या स्टुडिओंतली हाफ प्लेट, फुल प्लेट ही मापं याहून थोडी वेगळी. चित्र जुळवल्यापासून डार्क स्लाइड परत आत जाईपर्यंत कॅमेरा तसूभरही हलता कामा नये, कारण होल्डर बसल्यावर तुम्हाला काहीच दिसत नसतं. काय हललं ते फिल्म धुतल्यावर कळतं.

येवल्यातच काम करायचं तर पहिला विषय मागाचा. पैठणी विणणाऱ्या घरात मागाच्या खोलीला बहुधा एखादी खिडकी असते. मोठ्या फिल्मला भिंगही लांब लागतं, चार बाय पाचला साधारण दीडशे मिलिमीटर, आठ बाय दहाला तीनशे. लांब भिंगाचा स्पष्टतेचा पट्टा अरुंद, म्हणून धोट्यापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं स्वच्छ यायला एफ ३२ पर्यंत भिंग मिटवावं लागतं. शंभर आयएसओची फिल्म असेल तर अशा खोलीत मीटर सोळा सेकंद सांगतो. त्यात पदरावरचा मोर जवळून घ्यायचा असेल तर भाता ताणावा लागतो, तेवढा उजेड आणखी घटतो. शिवाय लांब एक्स्पोजरला फिल्म आळशी होते, तिला मीटरने सांगितल्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. सोळा सेकंदांचं एक मिनिट कधी होतं ते कळत नाही.

त्या एका मिनिटात फणीची थाप पडत असते. माग जमिनीत रोवलेला असेल तर ती थाप फरशीतून थेट स्टँडच्या पायात उतरते. विणकराला थोडं थांबायला सांगणं हा एक उपाय, आणि तो नम्रपणे करावा, कारण त्याचा दिवस हातांच्या वेगावर चालतो. विणकाम चालू असतानाचाच फोटो हवा असेल तर हात धूसर येणार हे धरून चाला. हात धूसर आलेले शोभतात, मागाची चौकट धूसर आलेली शोभत नाही. म्हणून स्टँड मागाच्या खड्ड्यापासून आणि खांबांपासून दूर, शक्य तर दुसऱ्या फरशीवर लावा. पायांच्या टोकाला रबर हवं. दुसऱ्याच्या घरातल्या शहाबादीवर लोखंडी टोकं रोवायची नसतात, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

नाशिक जिल्ह्याला स्थिर कॅमेऱ्याची महती नवी नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली ती एकेक चौकट घेत, महिनाभर. त्या महिन्यात कॅमेरा जरा सरकला असता तर पडद्यावर रोप वाढताना नव्हे, उड्या मारताना दिसलं असतं.

आता वारा. अंकाई स्टेशनावर उतरून अंकाई-टंकाईच्या किल्ल्यांकडे चालू लागलं की पठारावरचा वारा ओळख करून देतो. लहान कॅमेऱ्याच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण आठ बाय दहाचा कॅमेरा भाता ताणून उभा केला की त्याची बाजू दीड फूट बाय एक फूट होते. ताशी तीस किलोमीटरचा वारा त्यावर साधारण अर्धा-पाऊण किलोचा रेटा देतो, आणि तो सलग नसतो, झुळकांनी येतो. सलग रेट्याने स्टँड एकदा वाकून थांबला असता, झुळकांनी तो थरथरत राहतो. चार बाय पाचला हाच रेटा त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचा. म्हणून अंकाईवरून समोरचा हडबीच्या शेंडीचा सुळका घ्यायचा असेल तर लहान आकाराचा कॅमेरा नेणं शहाणपणाचं, हे माझं मत. आठ बाय दहा तिथे वर नेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, थोडी काळजीही आहे.

वाऱ्यावर सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे वजन. स्टँडच्या मधल्या आकड्याला कांद्याची जाळीदार गोणी अडकवा आणि तिच्यात जागेवरचेच दगड भरा. आपल्या तालुक्यात ही गोणी विकत घ्यावी लागत नाही, आणि वर नेताना तिला वजनही नसतं. एकच काळजी घ्या, गोणी हवेत लोंबकळू देऊ नका. तिचा तळ जमिनीला टेकला पाहिजे, नाहीतर तीच झोके घेऊन स्टँड हलवते. छत्री धरायला कुणी सोबत असेल तर त्याला वाऱ्याच्या बाजूला उभं करा. आणि झुळुकीची वाट बघा. दोन झुळकांमध्ये शांत क्षण असतो, तेव्हा शटर सोडा.

स्टँडच्या वेष्टणावर छापलेल्या भारक्षमतेच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका. हे आकडे प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने काढते. स्टँड कोसळणार नाही एवढंच तो आकडा सांगतो, थरथरणार नाही असं सांगत नाही. ढोबळ हिशोब असा ठेवा: कॅमेरा, भिंग आणि होल्डर मिळून जेवढं वजन होईल त्याच्या तिप्पट भार छापलेला असावा. त्याहून चांगलं म्हणजे आपला कॅमेरा दुकानात घेऊन जाणं. पाय पूर्ण लांब करा, कॅमेरा बसवा, दूरच्या एखाद्या पाटीवर चित्र जुळवा आणि हातातल्या भिंगाने दुधी काच बघत राहा. सोबतच्या माणसाला स्टँडच्या पायावर बोटाने टिचकी मारायला सांगा. पाटीची अक्षरं थरथरतील. ती किती वेळात शांत होतात ते मोजा. दोन सेकंदांत थांबली तर घ्यायचा विचार करा, चार-पाच सेकंद नाचत राहिली तर स्टँड परत द्या. नंतर रिकामा होल्डर घाला-काढा, डार्क स्लाइड ओढा आणि होल्डर काढून पुन्हा काच बघा. चित्र जागचं हललं असेल तर दोष पायांच्या सांध्यात किंवा हेडमध्ये आहे. विक्रेता वैतागला तर वैतागू द्या. पैसे तुमचे आहेत.

मधला दांडा, म्हणजे ज्यावर हेड वर-खाली होतं तो, शक्यतो नसलेलाच स्टँड घ्या. असलाच तर तो वर काढू नका. तीन पायांचा आधार सोडून एका नळीवर कॅमेरा चढवायचा असेल तर तीन पाय कशाला घेतले? उंचीचा हिशोब दांड्याशिवाय करा. नुसते पाय लांब केल्यावर दुधी काच तुमच्या डोळ्यांच्या किंचित खाली आली पाहिजे. काळ्या कापडाखाली पाऊणएक तास वाकून उभं राहिल्यावर कमरेला ही गोष्ट आपोआप पटते.

हेडबाबत लोक सर्वांत जास्त पैसे चुकीच्या जागी घालतात, म्हणून इथे जरा थांबतो. डिजिटल कॅमेऱ्याच्या सवयीने माणूस बॉल हेड मागतो. एकच नॉब सैल केला की कॅमेरा हवा तसा फिरतो, हे सोयीचं वाटतं. पण दोन-तीन किलोचा, पुढे भिंगाचं वजन असलेला कॅमेरा नॉब सैल होताच मान टाकतो. आडवं जुळवताना उभं बिघडतं, उभं जुळवताना आडवं. शिवाय फील्ड कॅमेऱ्याला एवढं फिरणारं हेड लागतच नाही. त्याची मागची चौकट काढून उभी-आडवी बसवता येते, म्हणून उभ्या फोटोसाठी कॅमेरा कुशीवर पाडावा लागत नाही. उंच इमारत चौकटीत आणायची तर कॅमेरा वर वाकवण्याऐवजी भिंगाची पाटी वर सरकवतात. त्यामुळे येवल्याच्या जुन्या वाड्याच्या भिंती मागे झुकल्यासारख्या येत नाहीत. झुकवणं, सरकवणं, वळवणं ही सगळी कामं कॅमेरा स्वतः करतो. हेडने त्याला समतल धरायचं आणि तसंच धरून ठेवायचं.

म्हणून पहिली पसंती साध्या पॅन-टिल्ट हेडला. त्याला लांब दांड्या असतात, प्रत्येक दिशा वेगळी सैल होते. वस्तू ओबडधोबड दिसते, पिशवीत नीट मावत नाही, पण काम चोख. ऐपत असेल तर गिअर्ड हेड, ज्यात नॉब फिरवून बारीक बारीक जुळवता येतं. मॅनफ्रोटोचं ४१० हे हेड सव्वा किलोच्या आसपास भरतं आणि पाच किलोपर्यंत भार घेतं, म्हणजे चार बाय पाचला छान, आठ बाय दहाला अपुरं. तिसरी वाट हेडच न घेण्याची. जुन्या विलायती धाटणीच्या अनेक फील्ड कॅमेऱ्यांच्या तळाशीच पितळी चकती असे, तिच्यात तिन्ही पायांची टोकं थेट अडकवायची. पाय कमी-जास्त करून गवंड्याच्या पाणसळीने कॅमेरा समतल केला की झालं. वेळ लागतो, पण सुटा होऊ शकणारा एक सांधा कमी होतो. माळ्यावरचा तो सागवानी स्टँड अशाच जातीचा असण्याची शक्यता आहे. म्हणून म्हणतो, कॅमेऱ्यापासून त्याची ताटातूट करू नका.

पाय कशाचे घ्यावे? ॲल्युमिनियम स्वस्त आणि दणकट, पण मे महिन्याच्या उन्हात येवल्यात तासभर उभा ठेवा आणि मग हात लावून बघा. कार्बन फायबर हलकं, महाग, गडावर नेणाऱ्याच्या खांद्याला सुख. हलकेपणाची भरपाई मात्र गोणीने करावी लागते. लाकूड जड, पावसाळ्यात फुगतं, पण थरथर जिरवण्यात ते फार चांगलं. जर्मनीची बर्लेबाख कंपनी आजही ॲश लाकडाचे स्टँड बनवते ते उगाच नाही. घराजवळ आणि मागाच्या खोलीत काम करणाऱ्याने लाकूडच बघावं. पाय पिळून बंद होणारे असले तर आपल्या काळ्या मातीची धूळ आट्यांत बसते, अधूनमधून उघडून पुसावं लागतं. क्लिपचे पाय सोपे, फक्त क्लिप सैल झाली की पान्याने आवळायला शिका.

परदेशी लाकडी स्टँड परवडत नसेल तर जमीन मोजणीच्या स्टँडकडे वळा. मोजणीदार थिओडोलाइट किंवा प्लेन टेबल ज्यावर लावतात, तो. पाय जाड, माथा रुंद, टोकाला लोखंडी सुळा आणि पाय दाबून रोवायला पट्टी. मोजणीची उपकरणं बनवणारं रुरकी हे जुनं केंद्र, आणि तिथला माल देशभर जातो. हा स्टँड पाच-सहा किलोचा असतो, त्यामुळे अंकाईवर नको. पण गावात, मळ्यात, येवल्यातल्या मुक्तिभूमी स्मारकाच्या मोकळ्या आवारात त्याच्यासारखा दुसरा नाही. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकतात, म्हणून तिन्ही पायांना गुंतवणारा दोरीचा त्रिकोण सोबत ठेवा. पावसाळ्यात काळ्या रानात सुळे खोल खोल जातात. प्लायवूडच्या ओंजळीएवढ्या तीन चकत्या, प्रत्येक पायाखाली एक, ठेवल्या की प्रश्न मिटतो.

आता आट्यांचं बघा, कारण इथेच बऱ्याच जणांचा खोळंबा होतो. कॅमेऱ्याच्या तळाला दोनपैकी एक आटा असतो: दोन सुती, इंचाला वीस आट्यांचा, किंवा तीन सुती, इंचाला सोळा आट्यांचा. मोठ्या कॅमेऱ्याला तीन सुतीच हवा. मोजणीच्या नव्या स्टँडवर बहुधा पाच सुती, इंचाला अकरा आट्यांचा स्क्रू येतो. जुन्यांचे आटे निराळे, ते मोजूनच पाहावे. पाच सुतीवरून तीन सुतीवर आणणारा पितळी बुश कुठलाही चांगला लेथवाला करून देईल. त्याला आट्यांची संख्या कागदावर लिहून द्या. हार्डवेअरच्या दुकानात तीन सुती मागितलं की दहा एमएमचा बोल्ट हातात ठेवतात, दिसायला तोच. तो आत जात नाही, आणि जबरदस्तीने घातला तर कॅमेऱ्याचे आटे जातात. लाकडी तळावर स्क्रू फार आवळूनही भागत नाही, लाकूड दबतं. कॅमेऱ्याचा तळ आणि स्टँडचा माथा यांच्यामध्ये पातळ रबर घाला, फिरणं थांबतं.

जुना स्टँड हाती लागलाच तर आधी उन्हात उघडा करून बघा. खाली बारीक पिठासारखा भुसा पडतो का? मग किडा आहे, घरात आणू नका. बिजागऱ्यांचे रिव्हेट सैल असतील तर ते पुन्हा ठोकून घेता येतात. लाकडाला उभी चीर असेल तर ती किती लांब जाते ते नखाने बघा. सांध्यापर्यंत गेलेली असेल तर तो पायच बदलायला लागेल, आणि गावातला सुतार तो करून देईल. बाहेरून अळशीचं तेल चोळा, पण एकमेकांत सरकणाऱ्या भागांना तेल लावू नका, तिथे मेणबत्ती घासा.

उतारावर लावताना एक पाय चढाकडे आणि दोन उताराकडे. सपाटीवर एक पाय भिंगाखाली पुढे, म्हणजे मागच्या दोन पायांमध्ये तुम्हाला उभं राहायला जागा मिळते आणि काळ्या कापडाखाली असताना पायाला ठेच लागत नाही.

संक्रांतीत मात्र धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, स्टँड लावायचा विचार सोडा. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव पतंग उडवायला वर असतं, मांज्याच्या आसाऱ्या फिरत असतात, हलकडीच्या तालावर पोरं नाचतात आणि स्लॅब त्यांच्याबरोबर हलतो. तो थरार कुठलाही स्टँड जिरवू शकत नाही. गावाचं दृश्य हवंच असेल तर सकाळी लवकर, गर्दी वर येण्याआधी उरकून घ्या. आणि मांजा स्टँडच्या पायाला अडकू नये म्हणून एक माणूस नुसता त्यासाठी उभा ठेवा.

शेवटी परवानगीचं. केंद्राच्या संरक्षणाखालच्या स्मारकांत नुसत्या कॅमेऱ्याला सहसा कुणी अडवत नाही, स्टँडला मात्र अडवतात. त्याला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. टंकाईच्या पायथ्याची जैन लेणी असोत किंवा दुसरं कुठलं जुनं ठिकाण, ते कुणाच्या ताब्यात आहे याची आधी चौकशी करा. रेल्वे स्टेशनावरही विचारल्याशिवाय स्टँड उघडू नका. अर्जात तारीख, वेळ, सोबतची माणसं आणि ‘तीन पायांचा स्टँड’ हे शब्द स्पष्ट लिहा. सही-शिक्क्याची प्रत होल्डरच्या पिशवीत ठेवा. कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवलीत तर दाखवायची वेळ नेमकी तुम्ही काळ्या कापडाखाली असताना येते.